बगळे उठले नाहीत

वासाची मला सवय आहे, हे आधी सांगते. माझी आई मालवणच्या बाजूला मासे विकायची. बांगडा उन्हात राहिला की कसा वास मारतो, टोपलीतलं पाणी अंगावर ओघळलं की ते कपड्यातून कसं जाता जात नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. माझ्या दप्तराला वास येतो म्हणून बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही. आठवीनंतर मी शाळेत गेलेच नाही, त्याला इतर कारणंही होती, पण हे एक होतंच. सांगायचं इतकंच की मी उगाच नाक मुरडणाऱ्यांतली नाही. तरीसुद्धा माकणीच्या धरणाच्या बॅकवॉटरला त्या हिवाळ्यात जो वास आला, तो मला अजून ताटावर बसलं की येतो.

धाराशिव जिल्ह्यात मी आले ती ड्रोनमुळे. शाळा सुटल्यावर एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम चिकटवायला राहिले होते. मालकानं ड्रोन घेतला. त्याच्या बॅटऱ्या चार्ज करणं, पाती पुसणं, वरातीत तो कोणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून खालून धावणं माझ्याकडे आलं. पुढं एक मॅडम कांदळवनाचं चित्रण करायला आमच्या खाडीवर आल्या, त्यांना चार दिवसांसाठी मदतनीस पाहिजे होती, आणि त्या चार दिवसांची नोकरीच झाली. मॅडम पाखरं मोजतात. त्यांची संस्था लहान आहे. त्यांनीच मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, कारण दहावी झाल्याशिवाय ड्रोन उडवायचा परवाना मिळत नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणाला कोणी फॉर्म भरून दिला नव्हता. म्हणून मॅडमपुढं मी अजून नीट मान वर करून बोलत नाही. एखादं काम चुकेल आणि मला परत पाठवतील, ही धास्ती तेव्हाही होती, आजही आहे.

आमच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगायलाच पाहिजे. मॅडमची नजर स्क्रीनवर, माझी आभाळात आणि पाण्यावर. घार ड्रोनवर झडप घालायला आली की ओरडायचं, हे एक. दुसरं असं, की स्क्रीनवर पांढरं काही दिसलं तर ते पाखरू आहे, पिशवी आहे की दगड, हे वरून कळत नाही. मग मॅडम ड्रोन लांबूनच थोडासा खाली आणतात. जिवंत पाखरू असेल तर ते अस्वस्थ होतं, पंख उघडतं. ते मी डोळ्यांनी बघायचं आणि एकच शब्द सांगायचा. "उठले" म्हटलं की मॅडम ड्रोन ताबडतोब मागं घेतात, कारण पाखरांना त्रास द्यायला आम्ही आलेलो नसतो. "नाही उठले" म्हटलं की जवळ जायला हरकत नाही. माझ्या शब्दावर मॅडम विसंबतात. एवढी किंमत माझ्या शब्दाला दुसरीकडं कुठं मिळाली नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर बदकं मरायला लागली. आधी एक थापट्या बदक दिसला, काठावर बसलेला, मान जमिनीला टेकलेली. मला वाटलं झोपलाय. जवळ गेले तर डोळे उघडे. पंख हलवायचा प्रयत्न करायचा आणि पुढं घसरायचा. चांदवे, ती काळी पाणपाखरं, तर उथळ पाण्यात बसल्या जागी बुडायचे. मान वर धरवत नाही म्हणून, घोटाभर पाण्यात. मी हातमोजे घालून त्यांना पोत्यात भरायचे. काहींच्या चोचीतून घाण गळायची, ती मनगटावरून आत शिरायची. मोजे काढले की हात साबणानं धुवायचे, राखेनं धुवायचे, पुन्हा साबणानं. जनावरांच्या डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं, की कुठंतरी सडकं मांस पडलेलं असणार. त्यात विष तयार होतं, ते अळ्यांमध्ये उतरतं, अळ्या बदकं खातात. बदक मेलं की त्याच्यातही अळ्या, त्या दुसरं बदक खातं. मांस सापडलं आणि उचललं, तरच हे थांबेल.

मांस कुठं आहे, हाच सवाल होता. काठाला मैलच्या मैल बेशरमाची झाडी. माणूस आत शिरत नाही, खाली चिखल. ड्रोन रोज थोडाथोडा भाग बघत पुढं चालला होता.

मॅडम लोहाऱ्याला लॉजवर राहायच्या. मला धरणाकाठच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी खोली दिली होती. त्यांना मी काका-काकू म्हणायचे. पहिल्या दिवशी गावानं आम्हाला उभं करून घेतलं नव्हतं. ड्रोन फिरवून चोर आधी घरं हेरून जातात, अशी आवई त्या भागात उठून गेलेली. ड्रोनला तिकडं सगळे इमान म्हणायचे, म्हणजे विमान. पोरं दगड घेऊन आली होती. काका मध्ये पडले. "माझी पावणी हाय," म्हणाले, "दगड मारायचा तर मला मारा." ज्या माणसानं मला अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा बघितलं, तो असं म्हणाला. आणि काकू. मला ताप आला तेव्हा माझ्या आईनं बसावं तशा उशाशी बसल्या. माझ्या भाकरीला चिरा पडायच्या त्यावर मात्र रोज बोलायच्या.

"कोकणात काय नुसता भातच गिळतेत व्हय गं?"

"भाकरी असते काकू, तांदळाची."

"मग ती बी अशीच फाटकी आसंल."

आमच्या आणि त्यांच्या जेवणात फरक होता, पण पोट भरेपर्यंत वाढून वर आणखी एक घास ताटात टाकायची रीत सारखीच.

घरामागं त्यांचं कोंबड्यांचं शेड होतं. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, शेतकरी वाढवून देतो, तसलं. शेडचा वास मला लागायचा, पण तो जिवंत वास होता. त्याबद्दल मी कधी तोंड वाकडं केलं नाही.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी काकू चुलीपुढं भज्जीसाठी, म्हणजे तिकडच्या मिसळीच्या भाजीसाठी, हरभऱ्याचा पाला निवडत होत्या. मी शेजारी सजगुऱ्याच्या, म्हणजे बाजरीच्या, पिठाचे उंडे वळत होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ती मी कोकणात कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, कडब्याची कोप करून आत पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आणि वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून जेवायला बसवतात. कोणी न जेवता पुढं गेला तर शेताला बरं नाही, असं मानतात. काकू हे सगळं मला शिकवत होत्या आणि मध्येच, पाल्यावरची नजर न काढता म्हणाल्या,

"उद्या तुमचं इमान त्या बेशरमाकडं न्यायचं न्हाय, आसं सांग म्याडमला."

"का हो काकू?"

"म्या सांगती म्हणून."

त्यांनी पाल्याची जुडी खाली ठेवली.

"मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना टाकून पुरा म्हणतेत कंपनीवाले. हितं खाली सगळा मुरूम. ह्यांनी गुडघाभर खंदला आन् पहार वाकली. मग बांधाला टाकायचे. दिवाळीला लेक-जावई आले, जावयानं नाकाला रुमाल लावला. तवापासनं पोती बेशरमात रिकामी करतेत. बांधाला काय पडलेलं व्हतं ते बी काल नेलं. येळवसंला माणसं येणार, वास आला तर कोण घास घेईल?"

मला माझ्या हातातला उंडा दिसत होता आणि माझ्या बोटांत पुन्हा त्या बदकांच्या चोचीची घाण आहे असं वाटत होतं. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून. एवढ्यासाठी.

"काकू, बदकं त्यानंच मरतायत."

"मरत आसतील." त्या चिडल्या नव्हत्या. "आन् शेड गेल्यावर आमी कशानं मरायचं? फोटू निघाला, बोभाटा झाला, की कंपनी पिल्लं बंद करती. पलीकडच्या गावात झालंय. तुला म्या कवा परकी समजली का?"

नव्हतीच समजली. मी उंडे वळत राहिले.

सकाळी मॅडमना फोन करायला मी दोनदा कोपीमागं गेले. रेंज नव्हती, आणि असती तरी काय बोलले असते ते मला माहीत नाही. मॅडम दुपारी आल्या, त्या गाडीतून उतरायच्या आत काकूंनी त्यांना हळदीकुंकू लावून बायकांत नेऊन बसवलं.

कोप सुंदर झाली होती. शेत हिरवंगार, ज्वारी कमरेएवढी. ताटं वाढून झाली होती. भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यातली आंबट अंबील. तेवढ्यात काकांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, तामलवाडीहून आले. बोलायला मोठा माणूस. त्यांचंही तिकडं शेड होतं. आल्याआल्या काकांच्या पाठीत थाप मारून म्हणाले,

"चोरांचं इमान म्हणून गाव वरडत व्हतं, आन् तुमी त्याला घरातच ठिवलंय म्हणं."

"बसा दाजी, ताटं वाढलीत."

"बसतो की. शेड कसं हाय? कोंबड्यांत मर किती हाय औंदा?"

"हाय थोडी."

"आमच्याकडं बी लई. एक पडकी हीर हाय, तिच्यात सोडतो. भरत आली." ते हसले, आजूबाजूचे दोघंतिघंही हसले. मग मॅडमकडं वळून, "म्याडम, आमच्या मेव्हण्याची कोप वरनं कशी दिसती ते दावा की. का आमाला दाखवायची न्हाय?"

काका म्हणाले, "दाजी, आदी जेवा."

"जेवाण काय पळून चाललंय का? इमान दावा. मग जेवतो."

येळवशीला पाहुण्याचा शब्द, तोही दाजींचा. काकांना नाही म्हणता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बॅटरी बसवत होते. मी ती एरवी दोनदा तपासते, त्या दिवशी किती वेळा काढून घातली, कोण जाणे. खाली ज्वारी म्हणून ड्रोन मी डोक्यावर हातात धरला, मॅडमनी तो माझ्या हातातून उचलला.

सगळे स्क्रीनभोवती गोळा झाले. कोप दिसली, तिच्यावरचा कडबा, पाण्याची निळी कड. दाजी खूश. "अरं, ही तर माझी फटफटी." बायका आपापली लुगडी ओळखत होत्या. ड्रोन वळताना पाण्याच्या बाजूला गेला. मॅडमनी मुद्दाम नेला नव्हता. वाऱ्याच्या अंगानं वळवला होता. बेशरमाच्या आतल्या बाजूला, जमिनीवरून कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, पांढरंपांढरं पसरलेलं होतं.

"ते काय वो?" दाजी म्हणाले. "कापूस सांडला का काय?"

"बगळे हायत," काका म्हणाले. "बगळे बसतेत तिकडं."

"लई हायत की."

"लई हायत."

मॅडमनी सवयीनं ड्रोन थोडा खाली घेतला आणि स्क्रीनवरून नजर न काढता, रोज विचारतात तसं मला विचारलं, "काय गं?"

मी बांधावर उभी होते. समोर बेशरम, त्याच्या वर ड्रोन, आभाळ मोकळं. माझ्यामागं काकू अंबीलीचं मडकं घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या तेवढं मला ऐकू आलं. "उठले" म्हटलं असतं तर मॅडमनी ड्रोन मागं घेतला असता. एक शब्दच होता. कोणी तपासायला गेलं नसतं, आणि मॅडमनी मला कधीच विचारलं नसतं.

मी म्हणाले, "नाही उठले."

मॅडम खाली गेल्या. पुढचं मला स्क्रीनवर बघायची गरज नव्हती, पण बघितलं. कोंबड्या फुगलेल्या, काही फुटलेल्या, पिसं गळून कातडी निळी पडलेली. मध्ये पोती, उलटी केलेली. एका बाजूला कुत्रं खात होतं आणि त्याच्या शेपटीजवळ बदकं, माना पसरलेली, काही अजून हलत असलेली. आणि जमीन हलत होती. वरून ती जमीन वाटत होती, पण ते सगळं अळ्यांचं होतं. कॅमेरा चांगला आहे आमचा.

दाजींनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. काचेवरच्या चित्राला वास येत नव्हता. तरी लावला. पडकी हीर भरत आली म्हणून थोड्या वेळापूर्वी हसणारा हाच माणूस. त्या रुमालाची मला जितकी किळस आली तितकी त्या कोंबड्यांचीही आली नाही.

"असल्या जागी जेवायचं का आमी?" म्हणाले, आणि बायको-पोरांना हाक मारून निघाले. त्यांच्यामागं शेजारचे, त्यांच्यामागं आणखी. एक बाई ताटातली खीर पोराला घाईघाईनं चाटवून मग उठली. कोपीपुढं वाढलेली ताटं तशीच. भज्जीवर साय धरायला लागली, माश्या आल्या. ऊन कललं की अंबील शेतात शिंपायची असते, सगळ्यांनी मिळून ओरडत. काकांनी ती एकट्यानं शिंपली, न ओरडता.

मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

सगळं उचलायला पाहिजे, अंधार पडायच्या आत जमेल तितकं, एवढंच म्हणाल्या. आणि मला परत पाठवतील का, हा विचार मला त्याही वेळी आला, याचीही आता किळस येते.

मी मोजे चढवले. बेशरम कोयत्यानं तोडत मॅडम आणि मी आत शिरलो तेव्हा वास समोरून अंगावर आला. तो नाकातून आला असं म्हणता येणार नाही, तो जिभेवर बसला. मी ओकले. मासेवालीची पोरगी, आणि चिखलात गुडघे टेकून ओकले. मान वर केली तर काकू. पदर नाकावरून बांधलेला, हातात घमेलं.

"सर तिकडं," म्हणाल्या.

कोंबडी उचलायला गेलं की पाय हातात येत होता आणि बाकीची खाली राहत होती. काकू हातानंच भरत होत्या, मोजे घेतले नाहीत. काका पलीकडून फावड्यानं ओढत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पोत्यांमागून पोती भरली तरी ती घाण जराही कमी झाली असं वाटेना. मध्येच काकू बोलल्या, मला की स्वतःला, कळलं नाही.

"ह्येच्यात राहतो आमी. आन् जावयाला वास येऊ ने म्हणून धडपडतो."

दुसऱ्या दिवशी मुरूम फोडायला जेसीबी आला. खड्डा झाला, चुना पडला. जिवंत असलेली दहाबारा बदकं आम्ही काकूंच्या घरामागं खुराड्यात ठेवून ड्रॉपरनं पाणी पाजलं. त्यातली निम्मी उडाली. मॅडमनी अहवालात धरणाकाठच्या सगळ्या शेडांबद्दल लिहिलं, कोणाचं वेगळं नाव घातलं नाही. कंपनीचा माणूस आला, खड्ड्याचा फोटो काढला, चहा पिऊन गेला. पिल्लांची पुढची बॅच वेळेवर आली. शेड गेलं नाही. पण दाजी त्या घरी परत जेवायला आले नाहीत. काका मला पावणी म्हणत नाहीत. ताट समोर आलं की "वाढ तिला," असं काकूंना सांगतात.

तामलवाडीकडची ती विहीर मी मॅडमना सांगितली. वरून बघायला परवानगी पाहिजे, ती अजून मिळाली नाही.

मी अजून तिथंच राहते. दुसरी खोली बघ म्हणून कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सकाळी ड्रोन घेऊन जाते. त्या ठिकाणी आता चांदवे असतात, जिवंत. "उठले" म्हणताना माझा आवाज जरा मोठाच येतो, मॅडम हसतात. कोंबडीचा रस्सा त्या घरात माझ्यासमोर होत नाही. मी कधी नको म्हटलेलं नाही आणि काकूंनी विचारलेलं नाही.

यंदाच्या येळवशीला माणसं कमीच आली. काकूंनी वाडगं भरून अंबील माझ्या हातात दिली आणि जागची हलल्या नाहीत. वाडगं तोंडाशी आणलं, आंबट वास आला, आणि त्याच्याखाली तो दुसरा. काकू बघत होत्या.

मी प्यायले. त्यांनी आणखी वाढली.